जेम्स बर्डचा कायदा आणि सात विमानं

मागल्या रविवारी तिसरी पाळी संपवून मी तसाच अभ्यास मंडळात गेलो. डोळ्यांत झोप, केसांत कापूस. विहारामागच्या खोलीत पंधरा-वीस पोरं बसलेली. विषय होता अत्याचारविरोधी कायदे, आपले आणि जगातले. बोलणारा आमच्यातलाच. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चांगला बोलतो. बोलता बोलता म्हणाला, "अमेरिकेकडे बघा. काळ्या माणसाला ठार मारलं, तर तिथल्या सरकारनं त्या माणसाच्या नावानं कायदा केला. आपल्याकडे आहे का एवढी माणुसकी?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मी विचारलं, "पण तो कायदा झाला कसा?"

"कसा म्हणजे? संसदेत झाला."

"संसदेत कुठल्या विधेयकात?"

तो गप्प झाला. सगळेच गप्प झाले. माझा त्या मित्रावर राग नाही. राग टाळ्यांवर आहे. त्यात माझ्याही टाळ्या होत्या, म्हणून जास्त. ज्या गोष्टीवर आपण टाळी वाजवतो तिचा हिशेब मागायचा असतो, एवढंच सांगायला हे लिहितोय.

आधी माणूस. मग कायदा. मग विमानं.

जेम्स बर्ड. वय ४९. टेक्सास राज्यातलं जॅस्पर नावाचं गाव. ७ जून १९९८ ची पहाट. घराकडं पायी निघालेला. तीन गोऱ्यांनी त्याला गाडीत घेतलं. आडरस्त्यावर नेऊन मारलं. मग घोट्यांना साखळी बांधून गाडीच्या मागं अडकवलं आणि गाडी हाणली. पाचेक किलोमीटर. शरीराचे तुकडे रस्त्यावर पडत गेले. उरलेलं काळ्यांच्या चर्चजवळ टाकून ते निघून गेले.

बर्डनं त्यांचं काय केलं होतं? काही नाही. तो काळा होता.

त्या गावच्या दफनभूमीत एक कुंपण होतं. एका बाजूला गोरे मुडदे, दुसऱ्या बाजूला काळे मुडदे. मेल्यावरसुद्धा शिवाशिव. हे वाचून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे किती गावांत स्मशान एक आहे? बर्ड मेल्यावर गावाला लाज वाटली आणि जानेवारी १९९९ मध्ये ते कुंपण काढलं. पुढं बर्डच्या थडग्याचीच विटंबना झाली, तेव्हा त्याच्या थडग्याभोवती लोखंडी कुंपण घालावं लागलं. एक कुंपण पडलं, दुसरं उभं राहिलं. हा बदल झाला म्हणायचा का, तुम्हीच ठरवा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वायोमिंग राज्यात मॅथ्यू शेपर्ड नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला दोघांनी गावाबाहेर नेलं, कुंपणाला बांधलं, डोकं फुटेस्तोवर मारलं आणि थंडीत सोडून दिलं. १२ ऑक्टोबरला तो दवाखान्यात मेला. तो गोरा होता. पण पुरुषावर प्रेम करणारा पुरुष होता.

इथं आमच्या मंडळात एकजण हळूच म्हणाला, "काळ्याचं ठीक आहे, पण त्या दुसऱ्याचं नाव कशाला?" त्याला मी तिथंच विचारलं आणि इथंही विचारतो : बाबारे, गावकुसाबाहेर आपल्याला ज्यांनी ठेवलं तेही हेच म्हणत होते, की अमक्याचं ठीक, पण तमक्याचं कशाला? १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला भरला, तेव्हा कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिलेले बॅरिस्टर कोण होते? बाबासाहेब. शरीराबद्दल, लैंगिकतेबद्दल माणसानं प्रश्न विचारणं हा गुन्हा नाही, ही ती बाजू होती. बर्डच्या घरचे आणि शेपर्डच्या घरचे शेवटपर्यंत एका कायद्यासाठी एकत्र लढले. त्यांना जे कळलं ते आपल्याला कळू नये?

आता कायदा.

अमेरिकेत १९६८ पासून एक केंद्रीय कायदा होता. पण त्याची मेख अशी : वंश, धर्म, मूळ देश यावरून मारलेला माणूस त्या क्षणी मतदान, शाळा असल्या ठरावीक हक्कांपैकी काही बजावत असला पाहिजे, तरच केंद्राला त्यात हात घालता येई. म्हणजे बर्ड मत द्यायला निघाला असता तर वेगळी गोष्ट. तो घरी निघाला होता. घरी जाणं हा त्या यादीतला हक्क नव्हता. आणि शेपर्डसारख्या माणसाचं तर त्या कायद्यात नावच नव्हतं.

टेक्सासमध्ये १९९९ साली बर्डच्या नावानं राज्याचा कायदा आणायचा प्रयत्न झाला. तो तिथल्या सिनेटमध्ये मेला. राज्याचे गव्हर्नर होते धाकटे बुश. दोन वर्षांनी, २००१ साली, ते राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्यावर तो राज्यात झाला. वॉशिंग्टनला मात्र वर्षामागून वर्षं गेली.

आणि ही काही पहिली खेप नव्हे. काळ्यांना झाडाला टांगून मारण्याविरुद्धचा केंद्रीय कायदा व्हावा म्हणून १९०० साली पहिलं विधेयक आलं. १९२२ साली तसलं विधेयक खालच्या सभागृहात पास झालं आणि सिनेटमध्ये दक्षिणेच्या सभासदांनी बोलबोलून मारलं. असे दोनशेच्या वर प्रयत्न झाले. कायदा झाला कधी? २९ मार्च २०२२. एमेट टिल या १४ वर्षांच्या पोराच्या नावानं, ज्याला मिसिसिपीत १९५५ साली मारलं होतं. या सव्वाशे वर्षांत तोफांना, आगबोटींना, बाँबला पैसे मंजूर करायला त्या संसदेला कधी सव्वाशे वर्षं लागली? एक वर्ष तरी थांबली का?

म्हणून बर्ड-शेपर्ड कायद्याच्या बाजूच्या लोकांनी एक युक्ती काढली. स्वतंत्र आणलं की सिनेटमध्ये अडतं. मग न अडणाऱ्या गाडीला जोडा. न अडणारी गाडी कोणती? संरक्षण खर्चाचं विधेयक. दरसाल येतं, दरसाल पास होतं. त्याला नाही म्हणणारा देशद्रोही ठरतो. ही गोष्ट आपल्याला नवी नाही.

२००७ साली सिनेटर केनेडींनी अशी उपसूचना जोडली. पास झाली. डिसेंबरात दोन सभागृहांच्या तडजोडीत काढून टाकली. कारण दोन बाजूंनी मार बसला. एकीकडून बुश यांची नकाराधिकाराची धमकी. दुसरीकडून इराक युद्धाच्या विरोधातले सभासद, जे म्हणाले की कायदा पाहिजे, पण युद्धाच्या पैशाला आम्ही हात वर करणार नाही. हे दुसरे लोक लक्षात ठेवा. त्यांच्याकडं मी परत येणार आहे.

२००९ साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष ओबामा. पहिला काळा राष्ट्राध्यक्ष. एप्रिलात खालच्या सभागृहानं कायदा स्वतंत्रपणे २४९ विरुद्ध १७५ मतांनी पास केला. सिनेटमध्ये मात्र पुन्हा तीच युक्ती. १६ जुलैला चर्चा बंद करायचं मतदान झालं, ६३ विरुद्ध २८, आणि बर्ड-शेपर्डचं कलम संरक्षण विधेयकात जाऊन बसलं.

त्याच विधेयकात आधीपासून दुसरं एक भूत बसलेलं होतं. सात विमानं.

एफ-२२ नावाचं लढाऊ विमान. रशियाशी शीतयुद्ध चालू असताना, रशियन विमानांना पाडायला म्हणून याची कल्पना निघाली. विमान तयार होईस्तोवर सोव्हिएत रशियाच राहिला नाही. तरी विमान होतच राहिलं. खुद्द संरक्षणमंत्री गेट्स यांनी सांगितलं होतं की इराक आणि अफगाणिस्तान या दोन चालू युद्धांत या विमानानं एकही मोहीम केलेली नाही. १८७ झाली, आता बस्स. सेनापती म्हणतात बस्स, मंत्री म्हणतो बस्स. पण सिनेटच्या संरक्षण समितीनं १३ विरुद्ध ११ मतांनी आणखी सात विमानं घातली. किंमत १७५ कोटी डॉलर.

का? बघा कोण बाजूनं होतं. जॉर्जियाचे सिनेटर चेंब्लिस, रिपब्लिकन. विमानं जोडली जात जॉर्जियातल्या मॅरिएटाला. कनेक्टिकटचे सिनेटर डॉड, डेमोक्रॅट. कनेक्टिकटच्या कंपनीची इंजिनं त्यात बसत. पक्ष दोन, खिसा एक.

ओबामांनी आधीच लिहून कळवलं होतं : विमानांचे पैसे राहिले तर मी सबंध विधेयक परत पाठवीन.

आता गंमत बघा. गंमत कसली, थट्टा. १६ जुलैला बर्डचं कलम आत गेलं. विमानं २१ जुलैला, ५८ विरुद्ध ४० मतांनी, बाहेर निघाली. मधले पाच दिवस जेम्स बर्डच्या नावाचा कायदा त्या सात विमानांच्या शेपटीला बांधलेला होता. विमानं राहिली असती तर विमानांबरोबर तोही परत गेला असता. माणूस एकदा गाडीच्या मागं बांधला गेला. अकरा वर्षांनी त्याचा कायदा विमानाच्या मागं बांधला.

२८ ऑक्टोबर २००९ ला सही झाली. शेपर्डची आई होती, बर्डच्या बहिणी होत्या. केनेडी नव्हते, ते ऑगस्टमध्येच वारले होते. विधेयक एकूण ६८ हजार कोटी डॉलरचं.

माझ्या वकील मित्रा, हा झाला तो कायदा.

या वेळी तिथं जो वाद झाला त्यातला एक मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. विरोधक म्हणत होते, खून तो खून. त्याला काळा खून, गोरा खून कशाला करता? मनातल्या विचाराला शिक्षा कशी देता? बर्डच्या मारेकऱ्यांतल्या दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि तिसऱ्याला जन्मठेप, तीही या कायद्याशिवाय. मग कायदा कशाला?

हे मी वॉशिंग्टनला ऐकलेलं नाही. तालुक्याच्या ठाण्यात ऐकलंय. गेल्या साली माझा मावसभाऊ १४ एप्रिलला मोटरसायकलवर निळा झेंडा लावून दुसऱ्या गावावरून येत होता. पारावरच्या चौघांनी अडवला. झेंडा काढ म्हणाले. नाही म्हणाला. हात मोडला, जातीवरून जे बोलायचं ते बोलले. आम्ही ठाण्यात गेलो. साहेब पाणी प्यायले आणि म्हणाले, "मारहाण झाली ना? मारहाण लिहून घेतो. जात कशाला घुसडता मधे?"

जात आम्ही घुसडली! काठी मारणाऱ्याच्या तोंडात जात होती, झेंड्याच्या रंगात जात होती, पारावरच्या हसण्यात जात होती. फक्त साहेबाच्या कागदावर ती नको होती. मावशी ठाण्याच्या ओट्यावर दोन दिवस बसून होती. तिसऱ्या दिवशी कलम लागलं.

तर खून तो खून म्हणणाऱ्यांना आपलं उत्तर हे. खिसा कापायला आलेला चोर एका माणसाला मारतो. बर्डला मारणारा सगळ्या वस्तीला सांगतो, की तुम्ही रस्त्यानं चालू नका. माझ्या मावसभावाचा हात मोडणारा चाळीस घरांना सांगतो, की पुढल्या जयंतीला झेंडा खाली ठेवा. हा गुन्हाच वेगळा आहे. आणि कायदा नुसता शिक्षेचा आकडा वाढवायला नसतो. गावचा पोलीस, गावचा पंच, गावचा डॉक्टर एका पंगतीत बसलेले असतात, तेव्हा पंगतीबाहेरून कुणीतरी येऊन चौकशी करावी, म्हणून तो असतो. २०१० साली अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये मेक्सिकन वंशाच्या पाच जणांच्या मोटारीला ट्रकनं धडका देऊन रस्त्याखाली घातलं, मोटार पेटली. या कायद्याखाली पहिल्यांदा दोषी ठरले ते त्या प्रकरणातले लोक, २०११ साली. हा कायद्याचा उपयोग. तो मी नाकारत नाही. नाकारणारा मी कोण?

मग माझं भांडण कशाशी आहे? हिशेबाशी.

आम्ही गिरणीतले लोक, आम्हांला मीटर बघायची सवय. चला, मीटर बघू. सात विमानांचे १७५ कोटी डॉलर. म्हणजे एकाचे २५ कोटी. आणि ज्या कायद्यानं बर्डचं नाव अजरामर झालं म्हणतात, त्याच्यात राज्यांना, गावच्या पोलिसांना असल्या गुन्ह्यांच्या तपासासाठी मदत म्हणून किती रक्कम धरली? वर्षाला ५० लाख डॉलर. तीही २०१० ते २०१२ एवढ्या तीन वर्षांपुरती. एका ठिकाणाला वर्षात एक लाखाच्या वर नाही.

एका विमानाच्या किमतीत ही मदत पन्नास वर्षं देता आली असती.

आणि सात विमानं कापली, त्यांचे पैसे कुठं गेले? जॅस्परच्या शाळेत? काळ्या वस्तीच्या दवाखान्यात? छट्. ते लष्करातच दुसऱ्या खात्यांवर वळवले. शिवाय एफ-२२ बंद करायचं ते एफ-३५ नावाचं दुसरं विमान जास्त करायला. त्या एफ-३५ साठी एक इंजिन असताना पर्यायी दुसरं इंजिन काढायला त्याच विधेयकात ५६ कोटी डॉलर राहिले. संरक्षण खात्याला ते इंजिन नको होतं. दोन वर्षांनी, २०११ साली, ते इंजिन रद्दच झालं. नको असलेल्या इंजिनाला ५६ कोटी. बर्डच्या कायद्याला ५० लाख.

याला मी म्हणतो हिशेब. नाव थडग्यावर, पैसा हँगरमध्ये.

आणखी एक आकडा सांगतो, तो मला सगळ्यात जास्त लागला. जून २००९ मध्ये खालच्या सभागृहात हे संरक्षण विधेयक आलं तेव्हा त्यात बर्डचं कलम नव्हतं. बाजूनं ३८९, विरोधात २२. ऑक्टोबरात तडजोडीचं विधेयक आलं, त्यात कलम होतं. बाजूनं २८१, विरोधात १४६. विरोध करणारे बहुतेक रिपब्लिकन. जन्मात दारूगोळ्याला नाही न म्हणालेले लोक या वेळी नाही म्हणाले. का? तर एका मेलेल्या काळ्याचं आणि एका मेलेल्या समलिंगी पोराचं नाव आत आलं म्हणून. हजारो कोटींच्या बाँबनं त्यांचं जेवण बाटलं नाही. दोन नावांनी बाटलं. वर म्हणाले, संरक्षण विधेयकात असल्या गोष्टींना जागा नाही. सिनेटर मॅकेन तर सात विमानांच्या विरोधात पुढं होते, आणि हे कलम इथं नको म्हणण्यातही पुढं होते. बरं, इथं जागा नाही. मग कुठं आहे? अकरा वर्षं तुम्ही दुसरी कुठली जागा दिलीत?

आता मॅरिएटाचा कामगार. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

विमानाच्या बाजूचे सांगत होते की ४४ राज्यांत याचे सुटे भाग होतात, ९५ हजार लोकांचं पोट याच्यावर आहे. आमच्यातला कुणी हसला तर मी त्याला हसू देणार नाही. खातं बंद झालं की काय होतं ते आमच्या घराला माहीत आहे. माझे आजोबा गिरणगावात रिंग खात्यात होते. रिंग खात्यात का? कारण त्यांच्या बापाला साळखात्यात घेतलं नव्हतं, आणि पोराला नोकरी बापाच्याच खात्यात लागली. साळखात्यात पगार जास्त. पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लाल पुढाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला आणि मागण्यांच्या यादीत घालायला लावला. पुढं १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आजोबा गावी आले ते परत गेले नाहीत.

त्या अडीच लाखांसाठी दिल्लीत कुणी एखादं विधेयक आणलं? गिरणी चालू राहावी, लोकांना काम राहावं म्हणून कुणी म्हणालं, की धोतर नको असलं तरी विणा, सरकार घेईल? विमानाच्या कामगाराचं पोट सिनेटला दिसतं, कारण त्याच्या पोटामागं कंपनीचं पोट असतं. कामगाराला काम पाहिजे, विमानच पाहिजे असं त्यानं कधी सांगितलं? २५ कोटी डॉलरमध्ये मॅरिएटाच्या फिटरला दुसरं काही जोडता आलं नसतं? आगगाडीचे डबे? दवाखान्याची यंत्रं? हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. आम्हांलाही नाही विचारला.

आता परत त्या २००७ च्या सभासदांकडं येतो, ज्यांनी युद्धाच्या पैशावर आलेला कायदा नाकारला. आमच्यातही असे मित्र आहेत. म्हणतात, बंदुकीच्या गाड्यावर आलेला न्याय आपल्याला नको, थुंका त्याच्यावर. दुसऱ्या टोकाला आमचे पुढारी. मिळतंय ते घ्या, हात जोडा, फोटो काढा.

मी दोघांशीही भांडतो.

पहिल्यांना सांगतो : बर्डच्या बहिणी अकरा वर्षं थांबल्या. त्यांना मी सोवळं शिकवणार नाही. तहानलेल्यानं पाणी कुठल्या भांड्यात आलं बघायचं नसतं; महाडला आपण हेच तर सांगितलं. मी त्या सभागृहात असतो तर हात वर केला असता. १९२८ साली आपली मागणीही दुसऱ्याच्या यादीतच गेली होती. यादीत जाण्यात लाज नाही.

पण गाडी कुणाची, ते बघायचं असतं. संपाची यादी ही पोटासाठी भांडणाऱ्यांची यादी. तिच्यात आपली मागणी घातली की यादी मोठी होते, माणूस मोठा होतो. बाँबच्या यादीत आपली मागणी घातली की बाँब सोज्वळ दिसायला लागतो. मग इराकात, अफगाणिस्तानात ज्या घरावर तो पडतो त्या घरातल्या बाईला कुणी सांगावं, की ताई, याच विधेयकात माणुसकीचंही एक कलम आहे?

म्हणून पुढाऱ्यांना सांगतो : घ्या. पण हात जोडू नका. आपल्याच हक्काचं कुणी दुसऱ्याच्या ओझ्याखाली दडवून दिलं, तर देणाऱ्याचे आभार मानायचे नसतात. दडवलंस का, ते विचारायचं असतं.

दोस्तांनो, आता आपलं घर बघू. त्या वकील मित्रानं म्हटलं, अमेरिकेकडे बघा. मी म्हणतो, या एका गोष्टीत अमेरिकेनं आपल्याकडं बघावं. काळ्यांचं आणि आपलं नातं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचं नाव घेतलं. त्या नात्यानं हे बोलतो. आपला अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. तो कुठल्या तोफेला बांधून आला नाही. त्या साली दिल्लीत बोफोर्सच्या तोफा गाजत होत्या, हे खरं. पण कायदा वेगळा झाला, स्वतःच्या पायांवर.

आणि २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, त्याचे दात काढले. आधी चौकशी, आधी परवानगी, मग अटक. तेव्हा कोण उठलं? २ एप्रिलला आपली माणसं देशभर रस्त्यावर आली. त्यात माणसं मेली. ६ ऑगस्टला लोकसभेला दुरुस्ती पास करावी लागली, ९ ला राज्यसभेला. त्याच अधिवेशनात, २० जुलैला, अविश्वास ठरावावर राफेल विमानं गाजली. ३६ विमानं, सुमारे ५९ हजार कोटी रुपये. किंमत जास्त की कमी, कंत्राट कुणाला, यावर वर्तमानपत्रांची पानंच्या पानं. असू द्या, विचारलंच पाहिजे. पण विमान महाग पडलं का म्हणून भांडणाऱ्या कुठल्या पक्षानं त्याच दमात विचारलं, की अत्याचाराच्या खटल्यांसाठी वेगळी कोर्टं किती, त्यांना सरकारी वकील किती, साक्षीदाराला तालुक्याला यायला एस्टीचं भाडं कोण देतो?

कुणी म्हणेल, हा पोरगा सैन्याच्या विरोधात आहे. माझा मामा महार रेजिमेंटमध्ये होता. सैन्यात आपली माणसं मरतात, म्हणून तर हिशेब मागायचा पहिला हक्क आपला. मामा सुट्टीवर गावी यायचा तेव्हा वर्दीतला देश एसटी स्टँडवर संपायचा. तिथून पुढं आमची वेगळी वाट.

आपला कायदा विमानाच्या शेपटीला बांधून आला नाही, हा आपला अभिमान. पण तो रिकाम्या खिशानं आला, हे आपलं दुःख. आणि खिसा भरायचं काम भाषणांनी होत नाही. म्हणून, अभ्यास मंडळातल्या पोरांनो, पुढच्या रविवारी टाळ्या नकोत, काम करू. १९९५ च्या नियमांत लिहिलंय : जिल्ह्याची दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसली पाहिजे. मुख्यमंत्र्यांची राज्याची समिती वर्षातून दोनदा बसली पाहिजे. आपल्या जिल्ह्याची गेल्या वर्षात किती वेळा बसली? कोण हजर होतं? काय ठरलं? किती रक्कम आली, किती परत गेली? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. वकील मित्रानं अर्ज लिहावा, मी सही करतो. माझी मावशी अंगठा देईल. तिनं दोन दिवस ठाण्याच्या ओट्यावर बसून कलम मिळवलंय. कायदा म्हणजे काय ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आणि बर्डच्या माणसांना माझं एक सांगणं आहे, त्यांच्यापर्यंत पोचो न पोचो. भावांनो, बहिणींनो, तुमच्या माणसाचं नाव कायद्यावर आहे, त्याला आमचा जय भीम. पण कायदा ज्या गाडीवर बसून आला तिला जय भीम नाही.

भोंगा झाला. पाळीला जातो.